मॅटर लिहून देणारं डीटीपीचं दुकान, नौपाडा

गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, जिना चढून पहिला मजला. बोर्डवर डीटीपी, झेरॉक्स, लग्नपत्रिका वगैरे नेहमीचंच लिहिलंय पण इथे जायचं ते काकांकडून मॅटर लिहून घ्यायला, झेरॉक्स काय ठाण्यात कुठेही मिळते.

आमच्या वहिनीचं उकडीच्या मोदकांचं घरगुती काम आहे, गणपतीआधी व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकायचा होता. दादाने लिहिलेलं मॅटर घेऊन गेलो, 'समस्त खवय्यांना सस्नेह नमस्कार, बाप्पाच्या आगमनानिमित्त सहर्ष सादर करीत आहोत' असं सुरू होऊन मोदक थेट पाचव्या ओळीत. काकांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, हे वाचून माणसाने करायचं काय? वहिनी म्हणाली ऑर्डर द्यायची, अजून काय. मग ते लिहिलंय कुठे, म्हणे. भावपण नव्हता, कधीपर्यंत सांगायचं तेपण नव्हतं. 'शुद्ध सात्त्विक' त्यांनी सरळ खोडलं, अशुद्ध आहे असं कोण लिहितं म्हणाले, वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेवटी झालं ते असं: 'उकडीचे मोदक, एक ३५ रु. चतुर्थीला सकाळी ८ ते ११ नौपाड्यातून न्यायचे. आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत किती हवेत तो आकडा पाठवा.' बस. आणि लोकांनी खरंच नुसते आकडे पाठवले हो, ११, २१, एकाने ५१, ताई भाव काय, घरपोच आहे का हे सगळं दरवर्षीचं पुराण टळलं.

काकांना बाकीची माहितीपण पक्की आहे. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ नंबर बसतात पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, म्हणून डब्यावरच्या चिठ्ठीत 'नंबर सेव्ह करा' टाकायला लावलं. एसएमएसचा विचार होता तर म्हणाले इंग्रजीत १६० अक्षरं मिळतात, मराठीत ७०च, त्यातही काना, वेलांटी, पाय मोडलेला सगळं वेगळं मोजतात, 'श्री' लिहिलं की चार गेले. शिवाय ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम नियामकाच्या, २०१८च्या नियमांमुळे धंद्याचे बल्क एसएमएस पाठवायचे तर आधी नाव आणि मेसेजचा नमुना डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, रजिस्टर करावा लागतो. आपल्या एवढ्याशा कामाला कोण करत बसणार, सोडून दिलं. आणि टाइप युनिकोडमध्येच करून देतात, हे महत्त्वाचं, कारण बॅनरवाल्यांच्या जुन्या फॉन्टमधलं मॅटर मोबाइलवर पेस्ट केलं की नुसती खिचडी दिसते.

आता तक्रारी. डिझाइन अजिबात मागू नका, फुलांची बॉर्डर आणि कोपऱ्यात गणपती याच्यापुढे गाडी जात नाही. इमोजीला सक्त विरोध, एक मोदकाचं चित्र टाका म्हटलं तरी नाही, ते आम्ही घरी येऊन टाकलं. एका मेसेजचे १५० घेतात, दादाला चार ओळींसाठी जास्त वाटले, मला नाही वाटले. वाद घालायची तयारी ठेवून जा, गप्प बसून टाइप करून देणारा माणूस हवा असेल तर स्टेशनजवळ ढीगभर दुकानं आहेत.

पार्किंग विसरा, रिक्षाने जा. दुपारी १ ते ४ बंद, तेव्हा फोनपण उचलत नाहीत. चार स्टार.