साडेआठ इंची एलसीडी रायटिंग पॅड : रेघ उमटते, पण राहत नाही

नातीला दीड वर्ष पूर्ण झाले आणि घरातल्या भिंती, उशांचे अभ्रे व माझे बँकेचे पासबुक एकाच वेळी धोक्यात आले. त्यावर उपाय म्हणून मुलाने सुमारे २०० रुपयांचे एलसीडी रायटिंग पॅड मागवले. तीन महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरचा हा अभिप्राय आहे.

वस्तू म्हणून ते हुशारीने बनवलेले आहे. काळ्या पृष्ठभागाखाली द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. टोकाने दाबले की त्या जागी प्रकाश परावर्तित होऊन हिरवट रेघ दिसते, आणि ती तशीच राहण्यासाठी वीज लागत नाही. वीज लागते ती फक्त पुसताना. मोबाइलसारखा प्रकाश डोळ्यांवर येत नाही, खडूची धूळ उडत नाही आणि पाटीवरच्या पेन्सिलीसारखे तोंडात जाण्याजोगे त्यात काही नाही, असे आम्ही समजत होतो.

अडचण आहे ती त्या पुसण्याच्या बटणात. नात पेन मुठीत धरते, खांद्यापासून सगळा हात हलवून कमानीसारख्या पाच-सहा रेघोट्या ओढते, थांबते आणि आपण काय केले ते वाकून पाहते. हे पाहणेच मोलाचे असते, कारण हात हलवला की तिथे काहीतरी उमटते, हा कार्यकारणभाव मूल त्या क्षणी पडताळून पाहत असते. अमेरिकेत जेम्स गिब्सन आणि पॅट्रिशिया योनास यांनी १९६८ मध्ये लहान मुलांना एक खूण उमटवणारे आणि एक न उमटवणारे अशी दोन साधने देऊन पाहिली, तेव्हा खूण उमटत नसेल तर मुलांचा गिरगटण्यातला रस लवकर ओसरतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मुलाला हात हलवण्याइतकीच रेघेचीही गोडी असते. आमच्या पॅडवर दुसऱ्याच आठवड्यात नातीला बटणाचा शोध लागला आणि तेव्हापासून एक रेघ, एक बटण, एक रेघ, एक बटण, असा खेळ सुरू झाला. रेघेकडे पाहणे मात्र संपले.

याच काळात हिने (आमच्या सौभाग्यवती बालवाडीत शिकवत असत) तिला पाठकोरे कागद आणि मेणाच्या जाड खडूंचे तुकडे दिले होते. मुद्दाम तुकडेच, कारण अंगठ्याएवढा खडू मुठीत धरता येत नाही आणि बोटांना पुढे यावेच लागते. कागदांवर तारखा घालून ते तिने फायलीत लावले आहेत. पहिल्या कागदांवर नुसत्या पुढेमागे गेलेल्या, कागद सोडून फरशीवर उतरलेल्या रेघा आहेत. अलीकडच्या कागदांवर वेटोळी आहेत आणि परवाच्या एका कागदावर वेटोळ्याचे तोंड जवळजवळ मिटले आहे. खडू कागदाला घासतो, अडतो, जोर लावला तर गडद होतो. पॅड गुळगुळीत असल्यामुळे हाताला असा अडसर मिळत नाही आणि हलक्या हाताची रेघ तर उमटतच नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र तक्रार गंभीर आहे. आत नाण्याच्या आकाराचा सेल असतो आणि आमच्या पॅडचे झाकण स्क्रूविना, नखाने उघडत होते. असा सेल गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आमच्या खोक्यावर ते नव्हते. विक्रेत्याला कळवल्यावर ही वस्तू खेळण्यात नव्हे तर स्टेशनरीत मोडते, असे उत्तर आले, जरी खोक्यावर छापलेले चित्र रांगत्या बाळाचे आहे.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला बेरजा-वजाबाक्या करायला किंवा रेल्वेच्या लांब प्रवासात हे पॅड जरूर घ्यावे, पण स्क्रूचे झाकण पाहूनच. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी मी पाचपैकी दोन तारे देतो. आमच्या पॅडवर सध्या वाण्याची यादी लिहिली जाते आणि तीही नात पुसते.