परसातली कोंबडी: संकरित घ्यावी की जुन्या जातीची?

परसात पाच-सहा कोंबड्या पाळायचं ठरलं की लोक आधी खुराड्याचं माप काढतात. खरं तर आधी स्वयंपाकघरात डोकावायला हवं. रोज ठरलेली अंडी लागतात, की ज्या ऋतूत जे मिळेल त्यावर स्वयंपाक निभावून न्यायची तयारी आहे? याच्या उत्तरावर जात ठरते.

एकीकडे संकरित लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच निपजवलेली कोंबडी. दुसरीकडे ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, ससेक्स, ऑर्पिंग्टन अशा जुन्या जाती, अंडी आणि मांस दोन्हींसाठी पाळल्या जाणाऱ्या.

निव्वळ हिशोबात संकरित कोंबडी पुढे आहे, यात वाद नाही. तिची तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते आणि पहिल्या वर्षी ३०० च्या आसपास अंडी देते. जुन्या जातीची तलंग बहुधा २४ आठवडे उलटल्यावर सुरुवात करते आणि वर्षाला साधारण १५० ते २५० अंडी देते. ही अंगाने भारी, म्हणून खातेही जास्त. संकरित कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य पुरतं. अंड्यामागे किती खाद्य गेलं एवढंच बघणार असाल, तर पुढे वाचायची गरज नाही.

पण त्या ३०० अंड्यांची किंमत कोंबडी अंगावर सोसते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे दोन किलोच्या पक्ष्याच्या शरीरातून वर्षात ६०० ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावाच लागतो. तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पातळ कवचाची अंडी, अंडनलिकेचे आजार अशा तक्रारी संकरित कोंबड्यांत जास्त दिसतात. जुन्या जातीच्या कोंबडीची अंडी दरवर्षी थोडी थोडी कमी होत जातात, पण पाचव्या वर्षीही ती अधूनमधून अंडं देते.

आता ऋतूंचं. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. दिवस १४ तासांच्या वर गेला की जोर चढतो. दिवस लहान होऊ लागले की पिसं झडतात, आणि नवी पिसं येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, अंडी जवळपास बंद. विषुववृत्तापासून जितकं लांब राहाल, तितका हा चढउतार ठळक. संकरित कोंबडी पहिला हिवाळा बहुतेक वेळा न थांबता काढते. जुन्या जातीची बऱ्याचदा सरळ सुट्टीवर जाते. दिवा लावून तिला कामाला जुंपता येतं, पण मी लावत नाही. लावायचाच असेल तर पहाटे लावा. संध्याकाळी दिवा एकदम विझला तर दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात चाचपडत राहतात.

या सुट्टीमुळे स्वयंपाकघराचं गणितच बदलतं. भराच्या दिवसांत सहा कोंबड्यांची आठवड्याला पंचवीस-तीस अंडी येतात. तेव्हा अंडीप्रधान पदार्थ आटपून घ्यायचे, कस्टर्डपासून ऑम्लेटपर्यंत, आणि उरलेली गोठवायची. कवचासकट गोठवू नका, फुटतात. पांढरा बलक आहे तसा गोठतो. पिवळा मात्र गोंदासारखा घट्ट होतो, म्हणून त्यात आधी चिमूटभर मीठ किंवा साखर फेटायची, आणि डब्यावर काय घातलंय ते लिहायचं. (खारट कस्टर्ड एकदा करून झालंय.) उकडायला आठवडाभर जुनी अंडी काढा. ताज्या अंड्याचं कवच निघता निघत नाही, कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड अजून बाहेर पडलेला नसतो आणि पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला चिकटून राहतो.

तुटीच्या दिवसांत ताटात कंदमुळं, भोपळा, डाळी. आणि जुनी कोंबडी. इथे जुन्या जातीचं पारडं जड होतं. अंड्यावरून उतरलेली संकरित कोंबडी म्हणजे हाडं आणि कातडी. तिचं पाणीदार सूप होईल, फार काही नाही. तीन किलोची ससेक्स मात्र मंद आचेवर तीन-चार तास रटरटली की रस्सा गार झाल्यावर थिजतो, इतका चिकटा त्यात उतरतो. कापल्यावर लगेच शिजवू नका. दिवस-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर मांस रबरासारखं लागतं. घरात कापणं जमणारच नसेल, तर जुन्या जातीचा हा निम्मा फायदा तुमच्या कामाचा नाही, हे आधीच मान्य करा.

पिल्लं घरीच काढायची हौस असेल तर निवड सोपी आहे. संकरित कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, आणि झाली तरी तिची पिल्लं आईसारखी निपजत नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी नव्या आणाव्या लागतात. ऑर्पिंग्टन मात्र सारखी खुडूक होते आणि २१ दिवस अंड्यांवरून हलत नाही. त्यासाठी कोंबडा हवा, म्हणजे शेजाऱ्यांची सहनशक्तीही हवी, आणि निम्मी पिल्लं नर निघणार. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही.

चव, पिवळ्याचा रंग, कवच तपकिरी की पांढरं, यावरून जात निवडू नका. पिवळ्याचा रंग खाल्लेल्या हिरव्या पाल्यावर ठरतो, आणि कवचाच्या रंगाने आतलं काही बदलत नाही.

पहिल्यांदाच पाळताय आणि घरी रोज नाश्त्याला अंडी लागतात? मग चार संकरित घ्या आणि जोडीला दोन जुन्या जातीच्या. पण सगळ्या एकाच वयाच्या, एकाच दिवशी आणा. स्वभावाने मऊ ऑर्पिंग्टन नंतर एकटी सोडलीत, तर बाकीच्या तिला टोचून टोचून खाद्यापाशी फिरकू देत नाहीत. खाद्याची भांडी दोन ठेवा, एकमेकींपासून लांब.