डॅलसच्या काळीत घर घ्यावं की क्रॉस टिंबर्सच्या रेताडात?

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की हल्ली हटकून हा प्रश्न येतो: प्लेनो-ॲलनकडे बघू की फ्लॉवर माउंड-कॉरिंथकडे? ही सगळी टेक्ससमधल्या डॅलसच्या उत्तरेची उपनगरं; पहिली जोडी काळ्या जमिनीवर, दुसरी बहुतेक क्रॉस टिंबर्स नावाच्या रेताड पट्ट्यात. शाळा, ऑफिसचं अंतर, घराचा कर यावर बोलणारे जाणकार रांगेत पुष्कळ असतात, मी त्यात पडत नाही. पण ज्यांना मागच्या अंगणात चार वाफे करायचे आहेत, त्यांनी घराखाली काय आहे तेही बघावं असं मला वाटतं. मी नऊ वर्षं कॉलिन काउंटीच्या काळ्या जमिनीत राहिलो आणि आता सहावं वर्ष डेंटन काउंटीच्या रेताड पट्ट्यात चाललंय. मी मृदाशास्त्रज्ञ नाही. परभणीकडच्या शेतकऱ्याच्या घरातला आहे आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तेव्हा पुढचं सगळं त्या बेतानेच घ्या.

काळी जमीन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. चिकण, फुगते, आकसते, भेगाळते. इथल्या काळीचं नाव ‘ह्यूस्टन ब्लॅक’. गंमत म्हणजे ह्यूस्टन शहराशी तिचा फारसा संबंध नाही. डॅलसच्या उत्तरेपासून थेट सॅन अँटोनियोपर्यंत, ‘ब्लॅकलँड प्रेअरी’ म्हणतात त्या मूळच्या गवताळ रानाच्या पट्ट्यात ती साधारण १५ लाख एकरांवर पसरली आहे. टेक्ससची प्रातिनिधिक माती म्हणून मृदाशास्त्रज्ञ तिलाच पुढे करतात. एके काळी हा सगळा कापसाचा मुलूख होता. आता कापसाच्या जागी घरं उगवली आहेत.

पहिल्या वर्षी आई-अण्णा आले तेव्हा अण्णांनी चपला काढून अंगणातलं ढेकूळ उचललं, पाणी लावून मळलं आणि म्हणाले, “ही तर आपलीच.” दिसायला आपलीच, पण मूळ वेगळं. आपली काळी बेसॉल्टची, लाव्हारसाच्या खडकाची लेक. ही समुद्राची. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी बसलेला चुनखडीचा चिखल झिजून ही झाली. व्हिनेगरचे चार थेंब टाका, फसफसते. दोघींच्या अंगात फुगणारी चिकणमाती मात्र एकाच जातीची, म्हणून स्वभाव सारखा.

तिचे थर मी नीट पाहिले ते शेजाऱ्याने पोहण्याचा तलाव खणायला घेतला तेव्हा. दोन दिवस तो खड्डा उघडा होता आणि मी चहाचा कप घेऊन कुंपणाशी. वरची वीतभर माती भुसभुशीत, दाणेदार, गवताच्या मुळांनी धरलेली. त्याखाली कमरेपर्यंत आणि त्याहूनही खोल काळी कुळकुळीत चिकण, आणि तिच्यात तिरपे, तूप चोपडल्यासारखे चकाकणारे पृष्ठभाग, त्यावर बारीक ओरखडे. माती फुगते तेव्हा जागा नसल्याने एक लोंदा दुसऱ्यावर घासत वर सरकतो, त्याच्या या खुणा. आणखी खाली रंग राखाडी, मग शेवाळी-पिवळा होत जातो, चुन्याचे खडे दिसू लागतात. पुरुषभर खोलीनंतर पिवळसर, चुनखडीमिश्रित मऊ खडक. आपल्याकडे काळीखाली मुरूम लागला की पाया घालणारा गवंडी सुस्कारा सोडतो. इथे मुरूम नाहीच.

मला नवल वाटलं ते याचं, की थर सपाट नव्हते. खड्ड्याच्या एका भिंतीत काळी माती छातीइतकी खोल, आणि चार पावलांवर तोच पिवळट थर धुराड्यासारखा वर आलेला, जवळजवळ गवताच्या मुळांना टेकलेला. सुकली की भेगा पडतात, वरची माती भेगांत पडते, पाऊस आला की खालची फुगून वर ढकलली जाते. हजारो वर्षं हे चालू आहे. न नांगरलेल्या प्रेअरीवर त्याचे लहान उंचवटे आणि खळगे दिसतात. इथले जुने लोक त्या रानाला ‘हॉग वॉलो’ म्हणत, म्हणजे डुकरांनी लोळून केलेले खळगे. बघायचंच असेल तर हंट काउंटीत क्लायमर मेडो नावाचं राखीव रान आहे; मूळ ब्लॅकलँड प्रेअरी आता एक टक्काही उरलेली नाही, तिच्यातला तो एक मोठा तुकडा. घरांच्या वसाहतीत बुलडोझरने हे सगळं सपाट केलेलं असतं, पण माती विसरत नाही. एकाच वाफ्यात अर्धी मेथी हिरवीगार आणि अर्धी पिवळी पडायची. माझी समजूत अशी की पिवळी अर्धी त्या चुन्याच्या धुराड्यावर होती.

आता घराची गोष्ट. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं, अशी ती वाटणी. डॅलसवाल्यांनी सगळं काळीतच उभं केलं. त्यामुळे उन्हाळ्यात माती आकसते तेव्हा घराच्या कडा बसतात, हिवाळी पावसात पुन्हा उचलल्या जातात. हल्लीची घरं ताणलेल्या पोलादी तारा घातलेल्या काँक्रीटच्या जाड पाटावर बांधतात, त्यामुळे पूर्वीइतकं भय नाही. तरी ऑगस्टमध्ये आमच्या न्हाणीघराचा दरवाजा लागायचा नाही आणि फेब्रुवारीत आपोआप उघडायचा. पायाभोवती झिरपणारी नळी टाकून घरालाच पाणी पाजावं लागतं, हे मी अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. २०११ साली डॅलसला ७१ दिवस पारा १०० फॅरनहाइटला टेकला किंवा वर गेला. त्या वर्षीच्या गोष्टी जुने रहिवासी अजून सांगतात, आणि बहुतेक गोष्टी भिंतींच्या भेगांच्याच असतात.

एवढं असूनही घरासाठी मी काळी सोडली नसती. दरवाजा रंध्यावर तासून घेता येतो.

मला तिथून उठवलं ते वापशाने.

वापसा म्हणजे काय ते शेतीतल्या माणसाला कळतं; बाकीच्यांसाठी एवढंच, की मातीत ओल असावी पण चिकटू नये, हवा खेळावी, मुठीत धरली तर गोळा व्हावा आणि टाकली तर फुटावा. पेरणी, खुरपणी, रोपं लावणं, सगळं वापशावर. इथल्या काळीत वापसा येतो, नाही असं नाही. पण तो फार थोडा वेळ राहतो. भेगा उघड्या असताना पहिला पाऊस सरळ खाली उतरतो, वर थेंब दिसत नाही. वेकोजवळ रीझेल इथे अमेरिकी कृषी खात्याची १९३० च्या दशकापासूनची प्रायोगिक पाणलोटं याच मातीवर आहेत, आणि तिथल्या नोंदींचंही सार हेच की भेगा मिटेपर्यंत पाणी मुरतं, मिटल्या की वरून वाहू लागतं. भेगा मिटल्या की जमीन बंद. मग ती आठवडाभर ओली राहते, आणि एकदा सुटू लागली की दोन दिवसांत वीट होते.

आता नोकरी करणाऱ्या माणसाचं वेळापत्रक बघा. मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा भेंडी-गवारीची तयारी करायची, तेव्हा इथे गुरुवार-शुक्रवारी वादळी पाऊस येऊन जातो. शनिवारी अंगणात पाऊल टाकलं की बुटाला शेर-दोन शेर चिखल. वाफ्यात गेलात तर जिथे पाय पडला तिथे सहा महिन्यांची वीट तयार. रविवारी तेच. सोमवारी वरून पांढुरकं दिसू लागतं. मंगळवारी बोट खुपसून पाहावं तर अजून चिकट. बुधवारी सकाळी मी कॉफी घेऊन बाहेर यायचो आणि माती अशी सुरेख सुटलेली असायची, की खुरपं घेऊन बसावं. आणि नऊ वाजता मीटिंग. बुधवारी संध्याकाळी अंधार व्हायच्या आत जेवढं होईल तेवढं. पुढच्या शनिवारपर्यंत पाऊस नसेल तर कुदळ टणकन उडायची. असेल तर पुन्हा चिखल. मी मोजून ठेवलेलं नाही, पण नऊ वसंतांत शनिवारी वापसा आल्याचं मला बोटांवर मोजण्याइतकंच आठवतं. बायको म्हणायची, तुझी बाग आठवड्याच्या चुकीच्या दिवशी पिकते.

यावर उपाय आहेत, हे मान्य. उंच वाफे करून विकतची माती भरता येते. पण मग काळ्या जमिनीत राहून काळ्या जमिनीत काहीच लावलं नाही, असं होतं. मला ते पटलं नाही, तुम्हाला पटेल कदाचित. कंपोस्ट दरवर्षी घातलं तर वरची वीतभर खूप सुधारते, हेही खरं. माझे शेवटचे दोन वाफे खरोखर चांगले झाले होते. घरूनच काम असेल किंवा निवृत्त असाल तर ही सगळी तक्रार तुम्हाला लागूच नाही. मग मी म्हणेन काळीच घ्या, तिच्यासारखी कसदार जमीन नाही. एकदा रुजलेलं पीक जून-जुलैत पाण्यावाचून दम धरतं, ते मी रेताडात अजून पाहिलेलं नाही.

फळझाडं हा काळीचा दुसरा दुखरा भाग. कापसाची मूळकूज करणारी बुरशी या चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत खोलवर असते आणि कापूस जाऊन कितीही वर्षं झाली तरी ती जात नाही. माझं चार वर्षांचं पीचचं झाड जुलैत एका आठवड्यात उभ्याउभ्या वाळलं, पानं गळायलाही सवड मिळाली नाही. डाळिंब मात्र टिकलं.

रेताडाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तेच तिचं कौतुक समजा. क्रॉस टिंबर्स म्हणजे प्रेअरीच्या मधून उत्तर-दक्षिण गेलेली ओकच्या झाडांची अरुंद पट्टी. खाली वालुकाश्म, वर तांबूस-करडा वाळूमिश्रित पोयटा, किंचित आम्लधर्मी. या मातीत चुना नाही, त्यामुळे पानं पिवळी पडण्याचं दुखणं फारसं नाही. आमच्या प्लॉटवरची माती ‘गॅसिल’ जातीची. शुक्रवारी रात्री दोन इंच पाऊस झाला तरी शनिवारी दहा वाजता मी वाफ्यात असतो, आणि खुरप्याला काही चिकटत नाही. दारं वर्षभर लागतात.

दोष आहेत. पाणी धरत नाही. जुलैत एक दिवस ठिबक बंद राहिलं तर वांगी मान टाकतात. खत घालाल ते खाली वाहून जातं. सूत्रकृमी रेताडात पोसतात आणि भेंडीवर त्यांचा विशेष जीव. तिसऱ्या वर्षी भेंडी उपटली तर मुळांवर गाठीच गाठी. तेव्हापासून जागा बदलत राहतो आणि झेंडू लावतो. आणि कुसळं! इथे ‘ग्रास बर’ म्हणतात, आपल्या गोखरूची अमेरिकी मावशी. अनवाणी फिरायचं विसरा. अण्णा दुसऱ्यांदा आले तेव्हा सवयीने चपला काढल्या आणि दोन पावलांत परत फिरले.

एक सावधगिरी. रेताड पट्ट्यातलं घर म्हणजे फुगणाऱ्या मातीपासून सुटका, असं गृहीत धरू नका. इथे कित्येक ठिकाणी वर फूटभर वाळू आणि खाली लाल, चिवट चिकण असते. ‘क्रॉस्टेल’ नावाची माती तशीच, आणि ती पायाला चांगलीच हलवते. गावाच्या नावावर जाऊ नका, फ्लॉवर माउंडमध्येच प्रेअरीची काळीही सापडते. सरकारच्या ‘वेब सॉइल सर्व्हे’वर पत्ता टाकला की नकाशावर मातीचं नाव मिळतं, फुकट. नाव सापडलं की खालच्या थरांचं वर्णन वाचा, वरच्या थराचं नको. बांधकामात वरचे थर उलटेपालटे झालेले असतात हे धरून चाला, आणि जमल्यास घर बघायला पावसानंतर तिसऱ्या दिवशी जा. एजंट कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

पैशांचं म्हणाल तर मला रेताडात पाण्याचं बिल जास्त येतं. काळीत घराच्या पायाला पाजायचो ते धरलं तर फरक किती, हे मी कधी नीट मांडून पाहिलं नाही.

निघताना जुन्या अंगणातली दहा-बारा बादल्या माती ट्रेलरमध्ये घालून आणली. मूव्हरच्या माणसाने दोनदा विचारलं, ही खरंच न्यायची का म्हणून. कुंपणालगतच्या एका वाफ्यात ती पसरली, रेतीत मिसळली नाही. तिच्यात ऑक्टोबरला लसूण लावतो आणि मे अखेरीस काढतो, आणि तसा लसूण बाकीच्या अंगणात येत नाही. काढायला मात्र बुधवारची सुट्टी टाकावी लागते.