खाडीतला गाळ तपासून घेतला, लॅबचा अनुभव

ऐरोलीकडच्या खाडीतला गाळ नवी मुंबईतल्या एका लॅबला दिला होता. स्टाफ चांगला, स्टीलचा नको प्लास्टिकचाच चमचा वापरा, बर्फात ठेवून आणा, सगळं नीट सांगितलं. शिसं, जस्त, तांबं, क्रोमियम, पारा मोजून दिलं पण ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलंच नाही हो! धातू चिकटतात बारीक चिकणमातीला, वाळू जास्त आली की आकडा आपोआप कमी दिसतो. आणि आपल्याकडे सगळा बेसाल्ट, त्यात तांबं-लोखंड मुळातच जास्त, म्हणून तुलनेसाठी ॲल्युमिनियमही (ते मुख्यतः दगड-मातीतूनच येतं) मोजायला लागतं नाहीतर दगडातलं किती आणि कारखान्यांचं किती कळणार कसं? त्याचे वेगळे पैसे मागितले. २०२२ पासून ठाणे खाडी रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, फ्लेमिंगो याच चिखलात चरतात, एवढं तरी करायला हवं ना. तीन स्टार.