नवा रायपूरचं संजीवनी हॉस्पिटल: बिलाचं काउंटरच नाही

आमगावकडच्या मायबापांसाठी मुद्दाम लिहितो. आमची पोरगी दूध पिता पिता दमायची, कपाळावर दरदरून घाम, वजन काही केल्या वाढेना. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली अन् लगेच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र! एका खासगी दवाखान्यानं आधी पैसे भरा म्हटलं. धान विकूनही जमलं नसतं. श्री सत्य साई संजीवनीत छिद्रावर पॅच शिवला, एक रुपया घेतला नाही. पोरगी आता पोटभर जेवते. नंबरासाठी थांबावं लागतं, तेवढ्यात लेकराला सर्दी-तापापासून जपा, नाहीतर ऑपरेशन पुढं ढकलतात. इकोचा कागद अन् लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.