पहिला खर्च विजेच्या बंदोबस्तावर: खेड्यातल्या घरासाठी रायझन ५ ५६००जीचा डेस्कटॉप

शेतीचा हिशेब, मुलांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज आणि अधूनमधून एखादा व्हिडिओ एवढ्यासाठी संगणक घ्यायचा असेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर एक रुपयाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या घरासाठी मी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, निवडला. २०२१ साली आलेल्या या प्रोसेसरमध्ये ६ कोअर (काम करणारे गाभे) व १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असून ग्राफिक्स त्यातच अंगभूत आहे. इंटेलचा आय३-१२१०० हाही तोलामोलाचा पर्याय होता. मात्र त्याच्या नावापुढे ‘एफ’ असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीही उमटत नाही. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागावा, कारण सुट्या ‘ट्रे’ मालासोबत पंखा मिळत नाही.

मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारी मुख्य पाटी) साधा ए५२० पुरला. रॅमच्या (तात्पुरत्या स्मृतीच्या) बाबतीत मात्र काटकसरीची पद्धत बदलावी लागते. अंगभूत ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरत असल्याने १६ जीबीच्या एका स्टिकऐवजी ८ जीबीच्या दोन स्टिक लावल्यास त्याच क्षमतेत चित्रांचे काम लक्षणीय सुधारते. एसएसडी (माहिती साठवणारा भाग) ५०० जीबीची, पीसीआयई ३.० (जोडणीची एक पद्धत) प्रकारची घेतली. हा प्रोसेसर त्यापुढच्या पीसीआयई ४.० ला आधार देत नाही, त्यामुळे त्याहून वेगवान एसएसडीचे जादा पैसे वायाच जातात.

खरी घासाघीस झाली ती एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. ‘भाऊ, कॅबिनेटसोबत ४५० वॉटचा फुकटच येते, वेगळा कशाला घेता?’ असे नागपूरच्या सीताबर्डीतील दुकानदाराने सुचवले. अशा फुकट एसएमपीएसवर छापलेले वॉट आणि त्यातून प्रत्यक्षात मिळणारे वॉट यांचा मेळ बसेलच असे नाही. कार्डाशिवायचा हा संगणक मॉनिटरसह पूर्ण ताणातही दीडशे वॉटच्या आसपासच राहतो, त्यामुळे प्रश्न मोठ्या आकड्याचा नसून संध्याकाळी उतरणारा आणि वीज परतताना अचानक चढणारा विजेचा दाब सोसण्याचा आहे. मी ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचे प्रमाणपत्र) प्रमाणित, ४५० वॉटचा एसएमपीएस वेगळा घेतला आणि त्याचे पैसे कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांतून वाचवले. सोबतचा ६०० व्हीए क्षमतेचा, बॅटरीवर चालणारा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार घेतो, म्हणजे वीज गेल्यावर काम जतन करून संगणक नीट बंद करण्यास पुरेसा अवधी मिळतो. हे सर्व करूनही घराला अर्थिंग नसेल, तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. त्यासाठी वायरमनकडून मीठ-कोळसा घालून खड्डा करून घेणे हाही संगणकाच्याच खर्चाचा भाग समजावा.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या छपराखालची खोली तर भट्टीच होते. खोक्यातल्या पंख्यावर प्रोसेसर तापला, पण अडखळला नाही. पुढे एक व मागे एक पंखा असलेल्या कॅबिनेटचा त्यात मोठा वाटा आहे. खोलीतल्या कूलरचा झोत मात्र थेट संगणकावर येऊ देऊ नये, कारण ओल आणि कापसाचे तंतू एकत्र आले की जाळीवर घट्ट थर बसतो. उन्हाने यूपीएसच्या बॅटरीचे आयुष्यही घटते, म्हणून तो खिडकीपासून दूर, जमिनीलगत ठेवला आहे.

तालुक्याच्या बाजारात सहाव्या पिढीचे जुने आय५ संगणक निम्म्याहून कमी दरात मिळतात आणि मोह होतो. परंतु विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, आणि ते प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. लिनक्स चालवणार असाल तरच तो सौदा परवडतो. नव्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. त्यामुळे बिलावर प्रत्येकाचा सिरियल क्रमांक लिहून घ्यावा आणि बिघाड झाल्यास वस्तू दुकानात नेऊन द्यावी लागेल की कंपनीच्या केंद्रात, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे, कारण नागपूरच्या एका फेरीतच अख्खा दिवस जातो.