चॅनलपलीकडे दोन दिवस, आपल्या गाडीने: ब्रूज, ईप्र की ऑपल किनारा?

शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी रात्री घरी. लंडन, स्लाव, रेडिंग, क्रॉयडन इथल्या मराठी घरांत हा बेत कधी ना कधी शिजतोच, आणि चर्चा लगेच बोट की बोगदा यावर अडते. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते हे, की कॅलेला उतरल्यावर पुढे गाडी किती वेळ हाकायची. दीड तासाच्या वर नाही, यावर मी ठाम आहे. घरापासून फोकस्टन किंवा डोव्हरपर्यंतचे दोन तास, तिथली रांग आणि तपासणी, शिवाय पलीकडे घड्याळ एक तास पुढे. शुक्रवारची रात्र तिथेच संपते.

या हिशोबात पॅरिस बाद. कॅलेपासून ते २९० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथे पोचल्यावर गाडी म्हणजे निव्वळ लोढणं. पॅरिसला ट्रेनने जावं. नॉर्मंडी सुंदर आहे, पण पोर्ट्समथहून काँला बोटीने सहा तास लागतात, न्यूहेवनहून दिएपला चार. बँक हॉलिडे जोडून चार दिवस मिळाले तर जा. दोन दिवसांत उरतात ते तीन पर्याय: बेल्जियममधली ब्रूज आणि ईप्र ही गावं, आणि फ्रान्समधला कॅलेलगतचा ऑपल किनारा.

त्याआधी व्हिसा, कारण अनेकांचा निर्णय इथेच होतो. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा वर्क व्हिसा असो की कायमचा रहिवास, शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा, लागतोच. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना फुकट. व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. अर्ज करायचा तो जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. म्हणजे ब्रूजला दोन रात्री राहणार असाल तर कॅलेमार्गे जाऊनही अर्ज बेल्जियमकडे; रात्री समसमान असतील तर आधी ज्या देशात शिरणार त्याच्याकडे. केवळ एका वीकेंडसाठी चौघांचा एवढा खर्च करणं मला पटत नाही. व्हिसा काढायचाच तर त्याच मुदतीत दुसरी सहलही बसवा. भारतातून आलेल्या आईबाबांना बरोबर न्यायचं असेल तर त्यांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून आणायला सांगा. ब्रिटनच्या टुरिस्ट व्हिसावर इथून अर्ज करायला गेलं की बहुधा नकारघंटाच ऐकू येते.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना व्हिसा नाही, पण पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि परतीच्या दिवसानंतर तीन महिने मुदत हवी. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे: फोटो आणि बोटांचे ठसे. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. फ्रेंच पोलिसांची तपासणी इंग्लंडच्याच बाजूला होते, त्यामुळे पहिल्या खेपेला वेळ हातात ठेवूनच निघा.

ब्रूज

कॅलेपासून सव्वा ते दीड तास, रस्ता सपाट, आणि कॅले ते बेल्जियमची सीमा टोल नाही. पहिल्यांदा उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्याला याहून सोपी सुरुवात नाही. गावात मात्र गाडी घालू नका. स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये लावा आणि चालत किंवा बसने आत जा. कालवे, चौक, ३६६ पायऱ्यांचा बेलफ्राय मनोरा, आणि आवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेली संगमरवरी मेरी आणि बाळ. सगळं चालण्याच्या अंतरात. याचाच दुसरा अर्थ असा की शनिवारी दुपारी सगळं जगही त्याच चार गल्ल्यांत असतं. ब्रूज खरं भेटतं ते सकाळी नऊच्या आधी आणि रात्री जेवणानंतर, त्यामुळे मुक्काम गावातच हवा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत असा बेत केलात तर चॉकलेटच्या दुकानांपलीकडे फारसं काही हाती लागणार नाही.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट विचारल्याशिवाय खाऊ नका: फ्राइज. बेल्जियममध्ये त्या परंपरेने गाईच्या चरबीत तळतात, उत्तर फ्रान्समध्येही बऱ्याच ठिकाणी तेच. बटाटाच तर आहे, असं म्हणून घरातल्या उपवासवाल्या मंडळींच्या हातात कागदी पुडा देऊ नका. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत, विचारलं की सांगतात. वॉफलमध्ये अंडं असतं हे धरूनच चाला. या बाबतीत गेंट उजवं. २००९ पासून तिथे दर गुरुवारी शाकाहाराचा दिवस पाळतात, त्यामुळे इतर दिवशीही ढंगाचं शाकाहारी जेवण सहज मिळतं. व्हॅन आइक बंधूंचं १४३२ सालचं वेदीचित्र सेंट बाव्होच्या कॅथेड्रलमध्ये आहे ते वेगळंच. पण गेंट कॅलेपासून १६० किलोमीटर, माझ्या दीड तासाच्या रेषेवरून थोडं पुढे, आणि प्रदूषण नियंत्रणामुळे गाडीची आगाऊ नोंदणी करावी लागते. न करता शहरात शिरलात तर दंड.

ईप्र आणि नव शापेल

हा पर्याय ट्रॅव्हलच्या याद्यांत पहिल्या महायुद्धाच्या नावाखाली येतो, आणि आपली माणसं तो इंग्रजांचा इतिहास समजून पुढे जातात. तिथे चूक होते. १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय सैन्य याच चिखलात उतरवलं होतं. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी उत्तर फ्रान्समधल्या नव शापेल गावावर जो हल्ला झाला त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचे, आजचे बॉम्बे सॅपर्स. पूल बांधणारी, खंदक खणणारी माणसं त्या दिवशी पायदळ म्हणून घराघरांत संगिनीने लढली आणि मागे रेटली गेली. त्यांच्याबरोबर गेलेले जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

गावाबाहेर भारतीय स्मारक आहे. हर्बर्ट बेकरने ते रचलं, १९२७ मध्ये खुलं झालं. गोल आवार, मध्ये कमळाचा उंच स्तंभ, पायथ्याशी दोन वाघ, आणि भिंतींवर चार हजार सातशेहून जास्त नावं, ज्यांची कबर सापडली नाही अशांची. रेजिमेंटनुसार कोरलेली आहेत, त्यामुळे सॅपर्स अँड मायनर्सचा भाग शोधायला वेळ लागत नाही. घरात कुणी सैन्यात होतं असं आजोबा सांगत असतील तर निघण्यापूर्वी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहा. स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघा, तेव्हाच्या कारकुनांनी आपली नावं कशीही लिहिली आहेत.

कॅलेहून नव शापेल तासाभरावर, तिथून ईप्र आणखी पाऊण तास. बेल्जियममध्ये शिरलात की लील शहर पाटीवर रायसल म्हणून दिसेल, गोंधळू नका. ईप्रमध्ये मेनिन गेट या कमानीवर चोपन्न हजारांहून अधिक नावं आहेत, त्यात भारतीयही. १९२८ पासून तिथे रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजतो. मधली जर्मन ताब्याची वर्षं सोडली तर खंड नाही. आठच्या आधी पोलीस वाहतूक थांबवतात आणि मिनिटभरापूर्वी गाड्या जात होत्या त्या रस्त्यावर माणसं उभी राहतात. पुढची जागा हवी तर साडेसातला पोचा. ईप्रमध्ये एक रात्र पुरते, हॉटेलंही ब्रूजपेक्षा साधारण स्वस्त. लहान मुलांना मात्र इथे कंटाळा येतो. दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना न्या.

ऑपल किनारा

घरात पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर माझं मत सरळ इकडे. कॅलेहून डी९४० हा समुद्रालगतचा रस्ता धरायचा: काप ब्लाँ-नेचा १३४ मीटर उंच पांढरा कडा, मग विसाँची लांबलचक वाळू, मग काप ग्री-ने. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे डोव्हरचे कडे दिसतात. १९०९ मध्ये ब्लेरिओ विमानाने पहिल्यांदा चॅनल ओलांडून गेला तो कॅलेजवळच्या याच पट्टीवरून. बुलोनमध्ये नोझिका हे युरोपातलं सर्वांत मोठं मत्स्यालय आहे, म्हणजे पाऊस पडला तरी दिवस वाया जात नाही. एवढं सगळं कॅलेपासून ४० किलोमीटरच्या आत! उणीव एकच: रविवारी दुपारनंतर दुकानं बंद, आणि नोव्हेंबर ते मार्च वारा असा सुटतो की कड्यावर उभं राहवत नाही.

आता बोट की बोगदा

बोगद्यातून ३५ मिनिटं. भाडं गाडीचं, माणसांचं नाही. नऊ जणांपर्यंत तेच. पाच दिवसांच्या आत परतणाऱ्यांना स्वस्त तिकिटं मिळतात. वेळेआधी पोचलात तर बऱ्याचदा आधीची फेरी देतात. पण लोकलच्या डब्यात गाडीसकट बसल्यासारखं वाटतं, दिसत काहीच नाही. एलपीजीवरची गाडी बोगद्यातून नेऊ देत नाहीत. डोव्हर-कॅले बोट दीड तासाची आणि बहुतेक वेळा स्वस्त. मुलांना डेक आवडतो, चालकाला पाय मोकळे करता येतात. ब्रूज किंवा ईप्रसाठी डोव्हर-डंकर्कचाही विचार करा: समुद्रात दोन तास, पण उतरल्यावर बेल्जियम जवळ. माझी निवड अशी असते: शुक्रवारी रात्री बोगदा, रविवारी दुपारी बोट. दोन्हींकडे वेगवेगळी एकेरी तिकिटं महाग पडतात का ते मात्र आधी ताडून पाहा.

गाडीत यूकेचा स्टिकर, हेडलाइटला चिकटवायच्या पट्ट्या, त्रिकोण, आणि हाताशी चमकणारी जॅकेटं. डिकीत नाही, सीटजवळ. लीजची गाडी असेल तर ती परदेशी न्यायला लागणारं कंपनीचं व्हीई१०३ पत्र मागवून घ्या.

डब्याचं काय? ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पनीर, दही, श्रीखंड घरी. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तेल लावलेल्या पोळ्या, केळी, खजूर चालतात, नारळसुद्धा. येताना उलटी बाजू: एप्रिल २०२५ पासून युरोपातून चीज, लोणी, मांस इकडे आणायलाही बंदी आली आहे, सीलबंद असलं तरी. हे नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा पाहा. बेल्जियन चॉकलेटला हरकत नाही.